मदत हवी आहे: वरच्या मजल्याचा स्लॅब मोठ्या मत्स्यपेटीचे वजन पेलेल का?

दुसऱ्या मजल्यावरील खोलीत 150 × 60 × 60 सेंटीमीटरची मत्स्यपेटी ठेवायची आहे. काठोकाठ भरल्यास पाणीच 540 किलो होते. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून एकूण भार 800 किलोच्या आसपास, म्हणजे पेटीखाली चौरस मीटरला जवळजवळ 900 किलो, तर निवासी खोल्यांसाठी सहसा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपासच चल भार (माणसे, फर्निचर, सामान यांचे वजन) गृहीत धरतात. हा भार संपूर्ण खोलीवर विभागून पाहणे मला पटत नाही, कारण तो एकाच जागी आणि कायमचा असणार आहे. स्लॅब आरसीसीचा आहे. तडे वा ओल दिसत नाही, मात्र बांधकामाचे नकाशे मिळालेले नाहीत. पेटी लहान करण्याची तयारी आहे. ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लागून पेटी ठेवणे पुरेसे सुरक्षित ठरेल का, की स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबची जाडी आणि सळ्या तपासून घेतल्याशिवाय पाणी भरूच नये?