माँट्रियलमध्ये नवीन फ्रेंच गायक-गीतकार लाइव्ह ऐकायचेत, कुठे जावं? (सोबत १४ वर्षांची मुलगी)

माँट्रियलची_मंजिरी:
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लेक १४ वर्षांची, इथल्या कायद्याप्रमाणे फ्रेंच शाळेतच जाते त्यामुळे घरात सगळ्यात चांगलं फ्रेंच तिचंच. हल्ली खोलीचं दार लावून गिटारवर स्वतःची गाणी करत बसते, चाल तिची, शब्द तिचे आणि तेही फ्रेंचमध्ये. तिला दाखवायचंय की असं स्वतः लिहून स्वतः गाणारी माणसं असतात आणि ती समोर बसून ऐकता येतात. स्टेडियमवाली मोठी नावं नकोत, नुकतीच सुरुवात केलेली मंडळी हवीत. मुलीला आत सोडतात का? आणि माझं फ्रेंच दुकान-डॉक्टरपुरतं, मला काही कळेल का?

गारठलेला_पुणेकर:
मंजिरीताई, आधी वयाचं बघा. क्वेबेकमध्ये, म्हणजे आपल्या या प्रांतात, दारूसाठी वय १८ आणि नवीन लोकं जिथे गातात त्या बऱ्याचशा जागा म्हणजे बारच, सँ-दनी रस्त्यावरचा के दे ब्रूम वगैरे, तिथे मुलगी चालणार नाही. तिकिटाच्या पानावर १८+ लिहिलंय का ते पैसे भरायच्या आधी वाचा. तुमच्यासाठी बेस्ट म्हणजे मेझों द ला क्युल्त्युर, महापालिकेची सांस्कृतिक केंद्रं, शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत, बरेच कार्यक्रम फुकट नाहीतर अगदी थोड्या पैशात. फुकट असलं तरी पास बहुतेक वेळा आधी घ्यावा लागतो आणि चांगल्या कार्यक्रमाचे पटापट संपतात.
दुसरं म्हणजे जूनमधला फ्रेंच गाण्यांचा फ्रांको महोत्सव. १९८९ मध्ये फ्रांकोफोली नावाने सुरू झाला, आता नुसतं फ्रांको म्हणतात. प्लास-देझार मेट्रोला उतरलं की समोरच, रस्ते बंद करून स्टेज लावतात आणि बाहेरचे कार्यक्रम फुकट. फक्त रात्रीच्या मोठ्या स्टेजच्या गर्दीत जाऊ नका, संध्याकाळी लवकर जाऊन छोटी स्टेजं धरा, नवीन मंडळी तिथे असतात आणि अगदी पुढे उभं राहता येतं.

सुरांचा_शेजारी:
वरचं सगळं बरोबर, पण खरी चीज राहिली. ले फ्रांकूव्हेर्त! फ्रेंचमधून गाणाऱ्या नवोदितांची स्पर्धा, नव्वदच्या दशकापासून चालू आहे, हिवाळा संपता संपता सुरू होऊन वसंतापर्यंत चालते. प्राथमिक फेऱ्या काबारे लिऑन दोरमध्ये होत आल्यात, ओंतारियो रस्त्यावरचं जुनं सुंदर सभागृह आहे, अंतिम फेरी क्लब सोडामध्ये. साधारण २१ जण निवडतात, एका संध्याकाळी तिघं, प्रत्येकाचा छोटा सेट. म्हणजे एका तिकिटात तीन अनोळखी आवाज, आणि परीक्षकांबरोबर प्रेक्षकांचीही मतं धरतात त्यामुळे लोक मन लावून ऐकतात हो, गाणं चालू असताना कुणी बडबडत नाही. एक जण नुसती गिटार घेऊन बसतो, पुढची मुलगी चार जणांचा बँड आणते, मधल्या वेळात वायरी ओढणं, सूर जुळवणं सगळं समोर चालू, आणि गायला सुरुवात करायच्या आधी ते गाणं कसं सुचलं ते सांगतात, कधी कधी गाण्यापेक्षा ते सांगणंच लांबतं, पण तुमच्या लेकीने नेमकं तेच बघायला हवं कारण तालीम केलेला आवाज यूट्यूबवर मिळतो, पण शब्द विसरल्यावर हसून परत सुरुवात करणारी माणसं तिथे दिसत नाहीत. क्वेबेकच्या पूर्व टोकाच्या गास्पेझीहून आलेल्या बूले बहिणी २०१२ मध्ये इथेच जिंकल्या आणि २०१३ मध्ये त्यांना वर्षातलं नवं नाव म्हणून फेलिक्स, म्हणजे क्वेबेकचा संगीत पुरस्कार, मिळाला. वयाची अट मात्र त्या त्या फेरीच्या तिकिटावर बघा.

मंक्टनवाली_मावशी:
फ्रेंच गाणं म्हणजे फक्त माँट्रियल नव्हे गं! इकडे शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात अकाडियन लोकांचं, म्हणजे इकडच्या जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या वंशजांचं, फ्रेंच आहे, इंग्रजी मिसळलेलं, रांगडं, आणि ते तसंच्या तसं गाण्यात घेतात, लाजत नाहीत. लिझा लब्लां आमच्याकडच्या रोझेरव्हिल नावाच्या छोट्याशा गावची, बँजो वाजवते, २०१० मध्ये ग्रॅन्बीची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि मग सगळ्यांना माहीत झाली. ग्रॅन्बी तुमच्यापासून गाडीने तासाभरावर, तिथला महोत्सव १९६९ पासून चालू आहे, झां लुलू, पिएर लापोएंत असे इथले नावाजलेले गायक तिथूनच पुढे आले. लेकीला लिझाची गाणी ऐकव. शाळेतलं शुद्ध फ्रेंच लिहिलं तरच गाणं होतं असं तिला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून निघू दे.

कोथरूड_ते_कोत_दे_नेज:
न कळण्याबद्दल सांगतो कारण माझंही फ्रेंच तेवढंच. जायच्या आधी दोन-तीन दिवस त्या कलाकाराचं बँडकॅम्पचं (कलाकार स्वतःची गाणी विकतात ती वेबसाइट) पान उघडा, इथले बरेच जण गाण्याखाली पूर्ण शब्द देतात, लेकीला बाजूला बसवून एकेक ओळ समजून घ्या, तिलाही आवडेल आईला शिकवायला. सगळी गाणी करू नका, दोनच करा, ती दोन समोर लागली की अंगावर काटा येतो. बाकीची न कळता ऐका, आपण लहानपणी नाट्यसंगीत ऐकायचो तेव्हा तरी कुठे सगळं कळत होतं. आणि रोज काय ऐकायचं तर सीआयएसएम ८९.३ लावा, माँट्रियल विद्यापीठाच्या मुलांचं रेडिओ स्टेशन, नवीन नावं तिथे लवकर कळतात. एरवी फ्रेंच स्टेशनांना नियमच आहे की लोकप्रिय गाण्यांतली ६५ टक्के फ्रेंच हवीत, पण मोठी स्टेशनं तो कोटा ओळखीच्या आवाजांनीच भरतात असं माझं मत.

माँट्रियलची_मंजिरी:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! मेझों द ला क्युल्त्युरचं पान आत्ताच उघडलं, आमच्या भागात पुढच्या महिन्यात एक आहे, गिटार आणि चेलो, पास घेऊन टाकले. लेकीला लिझा लब्लां लावून दिली तर तिने माझा फोनच नेला. अजून एक विचारते, कार्यक्रम संपल्यावर कलाकाराशी बोललं तर चालतं का? तिला खूप विचारायचंय पण बुजते.

सुरांचा_शेजारी:
चालतं म्हणजे काय, बोलाच! छोट्या कार्यक्रमानंतर दाराजवळ टेबल मांडतात, रेकॉर्ड, टी-शर्ट ठेवतात आणि बहुतेक वेळा गाणारा स्वतःच विकायला उभा असतो. काहीतरी विकत घ्या, नवीन माणसाला त्या वीस-पंचवीस डॉलरचा स्ट्रीमिंगपेक्षा कितीतरी जास्त आधार होतो, आणि पैसे देता देता लेक आपोआप बोलेल. तिला आधी एकच प्रश्न ठरवून ठेवायला सांगा, चाल आधी की शब्द आधी, यावर हे लोक भरभरून बोलतात.

गारठलेला_पुणेकर:
आणि तिच्या शाळेत सगोंदेर आं स्पेक्टाक्ल आहे का विचारा, क्वेबेकभरच्या माध्यमिक शाळांतला कार्यक्रम आहे, स्वतः रचलेलं सादर करणाऱ्यांना वेगळा विभाग असतो. नावनोंदणी शाळेतूनच होते, तेव्हा शाळा सुरू झाली की लगेच विचारा.