गृहपाठाचं गणित आख्खं सोडवून पाठवायचं का? माझं म्हणणं, नाही

येळ्ळूरवाला (धागा सुरू केला):
आमच्या बेळगाव भागातल्या मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या पोरांसाठी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप चालतो. पोरं अडलेल्या गणिताचा फोटो टाकतात आणि आम्ही काहीजण, कोण बँकेतला कोण इंजिनिअर, एक रिटायर्ड सर, जसा वेळ मिळेल तसं सांगतो. पैसाबिसा काही नाही. परवा आमच्यातच यावरनं वाजलं म्हणून विषय इथं आणलाय.

माझं म्हणणं एवढंच की गृहपाठाचं गणित पूर्ण सोडवून त्याचा फोटो पाठवायचा बंद करा. पोरगं फोटो बघतंय, वहीत उतरवतंय, थम्सअप टाकतंय आणि गेलं रील्स बघायला, संपलं की.

परवाचंच सांगतो. दहावीच्या श्रेढीच्या धड्यातलं नेहमीचं गणित, ३ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती. एका पोरीनं ९९ मधनं १२ वजा केले, ८७ आले, त्याला ३ ने भागलं आणि उत्तर २९ टाकलं. आमच्यातल्या एकानं दोन मिनिटांत सूत्र लिहून ३० आणून दाखवले, अक्षर मोत्यासारखं, उत्तराला चौकट पण. पोरगी म्हणाली थँक्यू सर. मी म्हटलं थांब जरा, १२ पासून १८ पर्यंत किती येतात ते बोटावर मोज. १२, १५, १८, तीन. आता तुझ्या पद्धतीनं कर. १८ वजा १२ सहा, भागिले ३, दोन. मग बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं आणि शेवटी आलं, "सर पहिला मोजायचाच राहतोय". आता तो अधिक १ तिला परत कुणी सांगायला नको. चौकटीतल्या ३० नं हे झालं असतं काय?

जांबोटी रोड:
छान सांगितलंत, पण ते टायपिंग टायपिंग दिसायला रेंज लागते ओ दादा. आमच्या कणकुंबी जांबोटीकडं पावसाळ्यात लाईट गेली की टॉवर पण झोपतोय. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप कामावरनं येणार रात्री आठ-साडेआठला, मग पोरगं उंबऱ्याच्या बाहेर एका ठराविक जागी जाऊन उभं राहणार, फोटो पाठवणार आणि तुम्ही त्याला परत विचारणार "बोटावर मोज बघू". तवर रेंज गेली. सकाळी शाळेत सर विचारणार, वही कोरी का. तुमचा हिंट शहरातल्या पोरांना परवडतोय, ज्यांच्याकडं वायफाय आहे आणि वर ट्यूशन पण आहे. ज्याला एकच मेसेज मिळणार आहे त्याला त्या एका मेसेजमध्ये आख्खं गणित द्या, पायरी न पायरी. उतरवलं तर उतरवलं, उतरवताना पण काहीतरी डोक्यात जातंयच की.

वडगाव पॉवरलूम:
+१ जांबोटी. कोरी वही घेऊन वर्गात उभं राहणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

हायस्कूलची बाई:
मी शिकवते, मराठी माध्यमात, गणितच. नाव-गाव विचारू नका. "उतरवताना काहीतरी डोक्यात जातंय" हे मला पटत नाही हो. माझ्याकडं वह्या येतात ना, कधीकधी दहा वह्यांत एकच उत्तर, एकच चौकट, आणि मूळ सोडवणाऱ्यानं घाईत जिथं एक पायरी गाळली तिथं दहाच्या दहा वह्यांत ती गाळलेली. फळ्यावर बोलावलं की खडू हातात घेऊन गप्प. आणि अडतात कुठं माहीत आहे का, त्या मोठ्या धड्यात अडतच नाहीत. ३ एक्स बरोबर १२ लिहिलेलं असतं आणि पोरगं पुढच्या ओळीत एक्स बरोबर ९ लिहितं, कारण कुणीतरी सांगितलंय की पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं. म्हणून ३ पलीकडं जाऊन वजा ३. हे सातवी-आठवीतलं राहिलेलं असतं आणि तुमच्या तयार उत्तरात ते कधी दिसणारच नाही, कारण तुम्ही ती पायरी बरोबरच लिहिणार.

आणि पालकांनो, एसएसएलसीला, म्हणजे आपल्या कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, गणिताचे ८० मार्क लेखी आहेत, २० शाळेतले. तपासताना पायरीला मार्क असतात, नुसत्या उत्तराला नाही. २०२४ पासून परीक्षेच्या हॉलमध्ये कॅमेरे लावून वेबकास्टिंग चालू आहे, त्यामुळं तिथं खिडकीतनं कुणी फोटो पाठवणार नाही. फोटोवर वाढलेलं पोरगं तिथं काय करणार, सांगा.

जांबोटी रोड:
बाई मान आहे तुमचा, पण मग ते सातवीतलं राहिलं कुणामुळं? ग्रुपवाल्यांमुळं नाही. आमच्याकडं शिक्षक पोस्ट रिकामी असली की गणित कोण पण घेतंय. शाळेनं करायचं काम संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलायचं आणि वर त्यांनाच नियम लावायचे.

हायस्कूलची बाई:
रिकाम्या जागेबद्दल बोललात ते खरंच आहे, त्यावर मी भांडणार नाही.

निपाणीकर:
तुमचं भांडण कालबाह्य झालंय मंडळी. पोरं तुमच्याकडं येतात कारण अजून काहींना माहीत नाही. फोटोमॅथ उघडा, गूगल लेन्स उघडा, चॅटजीपीटीला फोटो दाखवा, आख्खं गणित पायऱ्यांसकट हजर. माझा भाचा तेच करतो. तुम्ही हिंट देत बसा, तो तिकडं उत्तर घेऊन मोकळा. त्यामुळं माणसानं उत्तर द्यावं का नाही हा प्रश्नच उरला नाही, माणसानं तेच करावं जे मशीन करत नाही. म्हणजे येळ्ळूरवाल्याच्या बाजूनंच पडलो म्हणा, पण वेगळ्या कारणानं.

अनगोळची आई:
मशीनपेक्षा माझा प्रश्न साधा आहे. त्या ग्रुपमध्ये माझ्या मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो. "मी तिला वेगळं विचारलं" असं काही वरती नाही हे बरंय, पण काहीजण पर्सनलला मेसेज करून शिकवतात ते मला चालणार नाही, कितीही चांगले असले तरी. हिंट द्या नाहीतर उत्तर द्या, सगळं ग्रुपवर द्या आणि ग्रुपमध्ये एक-दोन आया पण घ्या. बाकी तुमचं चालू द्या.

येळ्ळूरवाला:
वहिनी, हे शंभर टक्के मान्य. पर्सनलला कुणी शिकवायचं नाही, आजपासून नियम. आणि पोरांचे नंबर दिसू नयेत म्हणून घरच्यांच्याच फोनवरनं फोटो यावा असं करतो.

निपाणीकर भाऊ, मशीनचं उत्तर बरोबर असेल हो, पण त्या पोरीला २९ का आलं हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ती विचारायला जाणारच नाही कारण ३० मिळालेत.

उद्यमबाग लेथ:
मी दहावी नापास, नंतर आयटीआय, टर्नर. आता जरा उलटं बोलतो, रागावू नका. माझा पोरगा दहावीत, त्रिकोणमिती चालू आहे. कामावर मी रोज लेथवर टेपर काढतो, म्हणजे गोल जॉब एका टोकाकडं निमुळता करतो. ५० एमएमचा जॉब ४० वर आणायचा, लांबी ६०, तर ५० वजा ४० दहा, भागिले लांबीची दुप्पट १२०, पॉइंट झिरो आठ तीन, त्याचा टॅनचा तक्ता बघून कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार सरकवणारा भाग, पावणेपाच अंश फिरवायची. हातानं येतंय मला हे. पण पोराच्या पुस्तकातला टॅन आणि माझ्या तक्त्यातला टॅन एकच आहे हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर कुणीतरी मनोऱ्याचं गणित आख्खं सोडवून टाकलं होतं, आकृती काढून, समोरची बाजू भागिले लगतची बाजू असं बाणानं दाखवून. ते मी रात्री जेवल्यावर बघत बसलो आणि मला कळलं. आता पोराला मी सांगतो. हिंट दिला असता तर पोराला पण कळला नसता आणि मला तर नाहीच नाही. घरात विचारायला कोण नसतं असं लोकांना वाटतं, अहो असतं, पण त्याला पण आधी शिकायचं असतं.

वडगाव पॉवरलूम:
काय लिहिलंय राव. 👏

रिटायर्ड सर (त्याच ग्रुपमधले):
मघापासून वाचतोय. परवा ज्याच्याशी वाजलं तो मीच, आणि चौकट पण माझीच होती. 😀

आता माझी बाजू. पूर्ण सोडवलेलं गणित दाखवणं म्हणजे पाप असं जे चाललंय ते बरोबर नाही. १९८५ साली जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या दोघांनी ऑस्ट्रेलियात शाळेच्या पोरांवर बीजगणिताचेच प्रयोग केले. काही पोरांना सोडवलेली समीकरणं नीट बघायला दिली आणि प्रत्येकाच्या जोडीला तसंच एक सोडवायला दिलं, बाकीच्यांना सगळीच स्वतः सोडवायला लावली. पुढं तशाच गणितांच्या चाचणीत पहिल्या पोरांना वेळ कमी लागला आणि चुका कमी झाल्या. कारण नवशिक्याचं सगळं डोकं वाट शोधण्यातच खर्च होतं, पद्धत ध्यानात राहायला जागाच उरत नाही. लेथवाल्या भावाला जे झालं ते हेच. त्याला वाट दाखवली, मग तो चालला.

पण एक बारीक गोष्ट बघा. सोडवलेलं एक, करायचं दुसरं. गृहपाठाचंच गणित सोडवून दिलं तर करायला काय राहिलं? म्हणून येळ्ळूरच्याला मी आता अर्धा मानतो. पोरीनं ३ ने भाग जाणाऱ्या विचारल्या तर आपण ७ ने भाग जाणाऱ्या आख्ख्या सोडवून पाठवायच्या. १४ पासून ९८, फरक ८४, भागिले ७, बारा, अधिक पहिला, १३. वर लिहायचं, आता तुझं तू कर. एकच मेसेज लागतो, रेंज गेली तरी काम अडत नाही. जांबोटीवाले, हे चालेल का?

जांबोटी रोड:
हे जरा बरं वाटतंय सर. पण प्रमेयाचं काय कराल? थेल्सच्या प्रमेयाची सिद्धता विचारली तर तिला "तसलंच दुसरं" कुठलं पाठवणार? ती पेपरला जशीच्या तशी येते.

रिटायर्ड सर:
ती आख्खीच पाठवायची, सिद्धता शोधून काढायला बसवलं तर पोरगं म्हातारं होईल. फक्त प्रत्येक ओळीसमोरचं कारण कोरं ठेवायचं, ते पुस्तकात बघून त्यानं भरायचं.

निपाणीकर:
कारणं पण चॅटजीपीटीला विचारतील.

येळ्ळूरवाला:
विचारू देत की, दहातले चार तरी पुस्तक उघडतील. सर, तुमचं सातवालं मला पटलं, पण सगळ्यांना सरसकट नाही. ज्याला ३ एक्स बरोबर १२ येत नाही त्याला ७ ने भाग जाणाऱ्या सोडवून पाठवून काही होणार नाही, बाईंनी सांगितलं तसं त्याचं मागचं काढावं लागेल, आणि मागचं काढायला विचारावंच लागतं. म्हणून फोटोसोबत पोरांनी स्वतः जेवढं केलंय तेवढं पाठवायचं, चुकलेलं असलं तरी चालेल. कोऱ्या प्रश्नाचा फोटो आला तर मी तरी उत्तर देणार नाही.

जांबोटी रोड:
आणि कोरं पाठवणाऱ्याला सुरुवातच येत नसली तर? तोच तर सगळ्यात अडलेला असतो. तुमचा हा नियम मला मान्य नाही, लिहून ठेवा. कोऱ्यालाच आधी उत्तर द्या म्हणतो मी.

हायस्कूलची बाई:
यात मी जांबोटीवाल्यांच्या बाजूनं. कोरं पाठवणारं पोरगं आळशीच असतं असं नाही, बऱ्याचदा प्रश्नच वाचता आलेला नसतो.

उद्यमबाग लेथ:
कोऱ्यांना मी सांगतो, रात्री साडेनऊनंतर मोकळा असतो. त्रिकोणमिती सोडून दुसरं विचारू नका म्हणजे झालं.

रिटायर्ड सर:
घेतलं तुम्हाला. अ‍ॅडमिन, यांना अ‍ॅड करा. आणि ग्रुपवर कुणीतरी महाराष्ट्राच्या दहावीचा अर्थनियोजनाचा व्हिडिओ टाकलाय, जीएसटी आणि शेअर्सवाला. तो धडा आपल्या एसएसएलसीच्या पुस्तकात नाही. तसंच वर्तुळाच्या छेदिका आणि स्पर्शिकेच्या लांबीचं प्रमेय, ते पण आपल्या पुस्तकात नाही. पोरं कालपासून घाबरून विचारालीत, हे पण आहे काय सर. ज्यानं टाकलंय त्यानं आजच्या आज काढावं.

निपाणीकर:
मीच टाकला होता, भाच्यासाठी. तो कोल्हापूरला शिकतो. काढतो.