चंद्र खणायचा कोणी : यंत्राने की माणसाने?

चंद्रखणक
आराखडेकर यांनी आपल्या नियोजित ऑनलाइन अंतराळ-गेमचा आराखडा मांडताना लिहिले की, खाणकाम पूर्णपणे आपोआप चालावे. खेळाडूने यंत्र बसवावे, इंधन भरावे आणि आठवड्याने येऊन माल उचलावा, कारण खडकावर लेझर रोखून बसणे हा खेळच नव्हे. ते वाचल्यापासून अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हा प्रयोग ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-गेममध्ये होऊन गेलेला आहे. २०१७ पर्यंत तिथे चंद्रापाशी तळ उभारून यंत्र जोडले की माल आपसूक साठत असे. त्यामुळे ज्याची फौज मोठी त्याचा चंद्र, आणि ज्याचा चंद्र त्याला बसल्या जागी उत्पन्न, अशी स्थिती आली. टेक्नेशियम या महाग खनिजाचे चंद्र गेमच्या नकाशात उत्तरेकडच्या, खेळाडूंच्या मोजक्या आघाड्यांच्या ताब्यात होते आणि २०१२ मध्ये त्यांनी तेलवाल्या ओपेकच्या धर्तीवर ओटेक नावाचा संघ काढून भाव चढे ठेवले. पैसा आघाडीच्या तिजोरीत जाई; साध्या सभासदाला त्या चंद्राकडे फिरकण्याचे कारणच उरले नव्हते.

ऑक्टोबर २०१७ च्या लाइफब्लड विस्ताराने, म्हणजे गेममधल्या मोठ्या बदलाने, ही व्यवस्था मोडली. आता चंद्रापाशी उभारलेली रिफायनरी (खेळाडूंचा खाण-तळ) चंद्राचा तुकडा कित्येक दिवस ओढत आणते, तो फुटला की खडकांचे रान पसरते आणि ते माणसांनी येऊन खणायचे असते. आमचा पहिला तुकडा फुटला त्या रात्री नऊ जण आले. त्यांतल्या चौघांचा आवाज मी तेव्हा प्रथमच ऐकला. एक नवशिका व्हेंचर हे खणण्याचे छोटे जहाज घेऊन आला होता. त्याचे कोठार पुन्हा पुन्हा भरायचे आणि आमच्यापैकी कोणीतरी त्याचा माल वाहून न्यायचे. तोच मुलगा आज आमची कॉर्पोरेशन, म्हणजे गेममधला आमचा गट, चालवतो. यंत्र बसवून मी निघून गेलो असतो, तर तो मला भेटलाच नसता.

आराखडेकर
तुम्ही अर्धाच इतिहास सांगितलात. २०१६ च्या अखेरीस ईव्हमधल्या रॉर्कल या अजस्र खाण-जहाजाला खणणारे मोठे ड्रोन मिळाल्यावर एकेक जण चार-पाच खाती उघडून रॉर्कलचा ताफा चालवू लागला. पडद्यासमोर माणूस होता, पण तुमचे ते आवाज कुठे होते? शिवाय जून २०२४ च्या इक्विनॉक्स विस्तारात ईव्हच्याच कंपनीने मेटेनॉक्स नावाचे आपोआप चालणारे चंद्रयंत्र पुन्हा आणले. तुमचा धडा इतका पक्का असता, तर धडा देणारेच मागे का फिरले?

चंद्रखणक
ते मागे फिरलेले नाहीत. मेटेनॉक्स हाताने खणण्यापेक्षा कमी माल देते, त्याला इंधनाखेरीज लाव्हा ग्रहांवरून आणलेला वायू लागतो, आणि त्याच्यावर हल्ला करता येतो. म्हणजे माणसाचे काम तिथेही आहे, फक्त ते राखणीचे आणि वाहतुकीचे आहे. तुमच्या आराखड्यात राखण नाही आणि वाहतूकही नाही.

रात्रपाळी
दोघेही ज्या प्रश्नाला हात लावत नाही आहात, तो वेळेचा आहे. माझ्या जुन्या कॉर्पोरेशनमध्ये तुकडा नेहमी गेमच्या घड्याळाप्रमाणे १९:०० वाजता फुटायचा, म्हणजे आमच्या नाशकात रात्री साडेबाराला. सकाळी सहाला नळाला पाणी येते, सातला मुलीची रिक्षा येते. सहा महिने मी जागून खणले आणि एके रात्री लेझर चालू असतानाच टेबलावर डोके ठेवून झोपलो. उठलो तेव्हा माझे बार्ज, म्हणजे खणण्याचे जहाज, नष्ट झालेले होते. चंद्रखणक यांनी त्या रात्रीचे इतक्या प्रेमाने वर्णन केले आहे, पण ती रात्र नेमकी कोणाची होती?

चंद्रखणक
वाईट वाटले, पण खडक फुटल्यावर सुमारे दोन दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन खणता आले असते.

रात्रपाळी
हे उत्तर लेस्टरला बसलेला माणूसच देऊ शकतो, कारण तुम्ही संध्याकाळचे जेवण उरकून येता. दुसऱ्या दिवशी मी पोहोचेपर्यंत झेनोटाइम या महाग खनिजाचा एक खडा उरलेला नसे. उरत ते झिओलाइट आणि बिटुमेन, ज्यांचा भाव तेव्हा कोणी विचारत नसे. 'येऊन खणा' म्हणणे सोपे आहे. आम्ही खरवड खायची आणि वर सामूहिक जीवनाचे धडेही ऐकायचे, हे मला मान्य नाही.

चंद्रखणक
मी कुठे राहतो याचा इथे काय संबंध? मीही दोन वर्षे पुण्याहूनच खेळलो आहे.

भेगशोधक
वेळेचा फायदा उलट बाजूनेही मिळतो. ईव्हचा सर्व्हर रोज ११:०० ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, थोडा वेळ बंद होतो आणि त्यानंतर साधे लघुग्रहपट्टे पुन्हा भरतात. कॉलेजात असताना मी भरल्या पट्ट्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचायचो.

रात्रपाळी
साडेचारला मी कारखान्यात असतो.

भेगशोधक
मान्य. मात्र मूळ प्रश्नावर माझे म्हणणे असे की, माणूस हजर आहे की नाही यापेक्षा त्याच्या हातांना काय काम आहे हे पाहावे. एलिट डेंजरस या दुसऱ्या अंतराळ-गेमने डिसेंबर २०१८ मध्ये खडकाच्या गाभ्याचे खाणकाम आणले. स्पंद सोडायचा, उजळलेल्या खडकांतून भेगा असलेला खडक ओळखायचा, भेगांमध्ये सुरुंग ठोकायचे आणि स्फोटाची पट्टी निळ्या टप्प्यात आणून मागे सरायचे. जोर जास्त झाला तर मालाचा चुरा होतो. पहिला व्हॉइड ओपल (गाभ्यातले मौल्यवान रत्न) फुटून बाहेर पडला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. अर्ध्या तासाचे असे काम कोणत्याही घड्याळात बसते.

आराखडेकर
गाभ्याचे खाणकाम मला आवडते आणि ते घेण्याचा विचार करीन. पण तिथे माणूस एकटाच असतो, तेव्हा चंद्रखणक यांच्या नऊ जणांचे काय, हे त्यांनीच सांगावे. राखण आणि वाहतूक वगळली ही माझी चूक होती, एवढे त्यांना देतो. बाकी माझे मत कायम आहे. रात्रपाळी यांच्यासाठी मात्र आराखड्यात एक बदल करतो : तुकडा एकदम फुटणार नाही, त्याचे चार भाग सहा-सहा तासांनी फुटतील आणि प्रत्येक भागात महाग खनिजाचा वाटा सारखाच असेल.

चंद्रखणक
मग नऊ जण एकत्र येणार कधी?

रात्रपाळी
आमचे नऊ जण रात्री आठला येतील. तुमच्या घड्याळात तेव्हा दुपार असेल.