दारू सोडायची आहे, तर मीटिंग कुठली धरावी? सोलापूरकरांनी लिहावं

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला पहिल्यांदा निघालेला माणूस कित्येकदा दारातूनच परततो. कुठं जायचं, किती वाजता, कुणाला भेटायचं हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा, नावाच्या जागी फक्त आपला भाग किंवा काम. आपापली कहाणी मीटिंगमध्ये सांगूच, इथं कामाचं तेवढं. कोण कुठल्या गटात बसतं हे मात्र कृपा करून लिहू नका.

विजापूर रोड
आधी फोन, मग पाय. ए.ए.च्या हेल्पलाइनवर बहुधा दारू सोडलेलाच माणूस बोलतो, त्यामुळं लाजू नका. त्याला विचारा: मीटिंग ओपन की क्लोज्ड, भाषा कुठली, दारात कोण भेटेल. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच बसतो. ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही चालतं. घोटाळा इथंच होतो: भाऊ सोबत येतो, मीटिंग क्लोज्ड निघते आणि दोघंही घरी जातात. नंतर पुन्हा निघणं होत नाही.

जागा बहुधा शाळेची खोली किंवा चर्चचा हॉल असते. मोठी पाटी नसते. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते, म्हणून मिळालेल्या जुन्या यादीवर जाऊ नका, त्याच दिवशी दुपारी खात्री करा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की होम मैदानाकडचे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा अर्धा तास आधी निघा.

पूर्व भाग
दादा, भाषेचं पहिलं बघा. आपल्याकडं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडं कन्नड. मराठी मीटिंगला तेलुगूत बोललं तर चालतं का, हे आधीच विचारून घ्या. रडू ज्या भाषेत येतं त्याच भाषेत खरं बोलणं होतं.

दुसरं, वेळ. कारखान्याची पाळी सुटल्यावर ज्या तासाला पाय गुत्त्याकडं वळतात, त्याच तासाची मीटिंग धरा. रविवारी सकाळची मीटिंग चांगली असते, पण पगाराच्या संध्याकाळी ती उपयोगाची नाही. त्या दिवशी पगार घरच्या माणसाच्या हातात द्या, खिशात रिक्षापुरते पैसे ठेवा आणि गुत्त्यावरून जाणारा रस्ता टाळा, लांबून जावं लागलं तरी चालेल.

सिस्टर
रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करून थेट मीटिंगला बसू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस बरळतो. हा जिवावरचा प्रकार आहे, तिथं मीटिंगचा उपयोग नाही. पूर्वी असं झालं असेल किंवा कधी फिट आली असेल, तर आधी सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. निम्मं सांगितलं तर औषधाचा डोस कमी पडतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

जुळे सोलापूर
पहिल्या दिवशी १५ मिनिटं आधी पोचा. कुणीतरी चहाची किटली, खुर्च्या मांडत असतं, त्याला 'नवीन आहे' एवढंच सांगा. बोलायची पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी पुरतं. आडनाव, जात, नोकरी कुणी विचारू नये. विचारत असतील तर गट बदला. फी नसते. वर्गणीची थैली फिरते, नव्यानं काही नाही टाकलं तरी चालतं. कुणी पावडर, काढा विकत असेल, डॉक्टरची गोळी बंद करायला सांगत असेल, किंवा एकाच माणसाचं तासभर भाषण चालत असेल, तर तिथं थांबू नका.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. निदान सहा वेळा, दोन वेगवेगळ्या गटांत बसा. मीटिंग संपल्यावरच्या दहा मिनिटांत दोन-तीन फोन नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, तलफ आलेली नसताना, फोन करा. म्हणजे तलफेच्या वेळी फोन जड जात नाही.

अक्कलकोट रोड
देवाबद्दल: ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी तिसरीत 'आपल्याला समजेल तसा ईश्वर' आहे. नमाज पढणारा, लिंगायत, देव न मानणारा, सगळे एकाच ओळीत बसतात. अट एकच, दारू सोडायची इच्छा.

सातरस्ता
ताई-वहिनींसाठी: घरच्यांचा गट वेगळा, त्याला अल-अनॉन म्हणतात. नवरा मीटिंगला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी भाजीत, चहात चोरून घालू नका. वर दारू पडली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ही गोळी पिणाऱ्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

बायकांपैकी कुणाला स्वतःची दारू सोडायची असेल, तर फोनवरच सांगा की बाईशी बोलायचंय. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारी जुनी सदस्य, तीही बाईच घ्या. जवळपास नसेल तर ऑनलाइन मीटिंगमधून मिळते.

विजापूर रोड
व्यसनमुक्ती केंद्रात असलेल्यांसाठी राहिलं: घरी सोडण्याच्या आधीच तिथल्या समुपदेशकाकडून सोलापुरातल्या गटाशी फोनवर बोलणं करून घ्या. पहिली मीटिंग घरी आल्याच्या दिवशीच ठेवा, सामान नंतर लावा. रात्रपाळी असेल तर ऑनलाइन: कानात हेडफोन, स्क्रीनवर फक्त पहिलं नाव आणि कॅमेरा बंद.