ऑइलचा लाल दिवा फक्त गरम इंजिनला लागतो: स्विच बदलू की इंजिन खोलू?

मंडळी, मदत हवी आहे.

बाबांची २००४ सालची पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडरची, १ लाख ३८ हजार किमी झालेली. गेल्या रविवारी साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढून उतरलो, तोवर काही नाही. आणेवाडी टोलच्या रांगेत गाडी उभी राहिली आणि ऑइलचा लाल दिवा (ऑइलचं प्रेशर कमी झाल्याचा) मिणमिणायला लागला. थोडी रेस दिली की विझायचा, पाय काढला की परत हजर. इंजिन लगेच बंद केलं. डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेला. सकाळी थंड इंजिनला सेल मारला की दिवा दोन सेकंदांत विझतो, आवाजही स्वच्छ.

एक मेस्त्री म्हणतो, दिवा लावणारा ऑइल प्रेशरचा स्विच नवा टाका, दोन-तीनशेत काम होईल. दुसऱ्याने झाकणावर कान लावल्यासारखं केलं आणि थेट "हाफ इंजिन" (म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) म्हणाला! बाबा म्हणतात, विकून टाक. कोणाचं ऐकू?

हो, एक राहिलं. मागच्या सर्व्हिसला २०डब्ल्यू-४० ऐवजी ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल भरलं होतं. आणि चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) स्पीडब्रेकरचा जुना पोचा आहे.

प्रतिसाद – जुनीगाडी

जे शेवटी लिहिलंत ते आधी लिहायला हवं होतं! ऑइल तापलं की पातळ होतं, त्यात आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) ऑइलचा पंप हळू फिरतो, म्हणून झिजलेल्या बेरिंगची खरी कसोटी तिथेच लागते. पण स्विच खराब असला तरी हेच दिसू शकतं, म्हणून अंदाजावर पैसे घालू नका.

दिवा लागलेला असताना स्विचची वायर काढा. तरीही दिवा चालू राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. विझला तर फक्त वायर निर्दोष सुटली, स्विच नव्हे. मग स्विच काढून त्याच भोकात प्रेशर मोजणारं मेकॅनिकल गेज लावायला सांगा आणि इंजिन पूर्ण तापवून आकडा बघा. हे स्विच साधारण ०.२ ते ०.५ बारच्या आसपास दिवा लावतात. गरम आयडलिंगला गेजही तिथेच लोळत असेल तर दुखणं खरं. नुसतं जाड ऑइल ओतून दिवा विझवू नका, त्याने दुखणं झाकलं जातं. पोचा आतल्या जाळीला (जिच्यातून पंप ऑइल ओढतो) टेकला असेल तर त्रास उलट जास्त रेसवर दिसायला हवा, पण चेंबर उतरवाल तेव्हा जाळीतला गाळ बघाच.

आणि चालत्या गाडीत दिवा लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणू नका. डिपस्टिकवर ऑइल आहे म्हणजे प्रेशर आहे असं नसतं.

धागाकर्ता

वायर काढली, दिवा विझला. कनेक्टर मात्र आतून ऑइलने चिप्प होता, पुसलं तरी अर्ध्या तासात परत ओला. गेजवर गरम आयडलिंगला १.१ बार, २००० आरपीएमला २.८. म्हणजे स्विचच गळत होता. नवा बसवला, ऑइल परत २०डब्ल्यू-४०. काल पुन्हा खंबाटकी चढलो, टोलला मुद्दाम दहा मिनिटं चालू ठेवली. दिवा गप्प. बाबा मात्र पूर्ण रस्ता मीटरकडेच बघत होते.

चेंबर पुढच्या ऑइल बदलाला उतरवणार आहे. तो पोचा ठोकून सरळ होतो का, की नवाच घ्यावा?