मदत हवी आहे: बॅश स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) उत्तरासाठी थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

जुन्या फोटोंची एक यादी आहे. एका ओळीत एक नाव, एकूण ४० ओळी. व्हाइल-रीडचं लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग; रीड म्हणजे एक ओळ वाचणारी आज्ञा) यादीतलं नाव वाचतं, छापतं आणि आत दुसरं रीड -पी 'उडवू का?' असं विचारतं. 'हो' आलं तरच आरएम, म्हणजे फोटो उडवायचा. लूपच्या शेवटी डन आणि त्यापुढे < यादी, म्हणजे इनपुट त्या फाइलमधून.

गंमत म्हणजे प्रश्न पडद्यावर येतच नाही. मी बोट उचलायच्या आत सगळं संपलेलं असतं. छापलेली नावं पाहिली तर पहिलं, तिसरं, पाचवं अशी २० च. एकही फोटो उडाला नाही, हे नशीब. तीच रीडची ओळ टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एकटी चालवली की मात्र शहाण्यासारखी थांबते. मध्ये थोडं थांबवणारं स्लीप घालून पाहिलं, विंडोजवरून आलेल्या ओळशेवटांवर संशय घेतला. दोन संध्याकाळी गेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
आतल्या रीडनंतर लगेच, आलेलं उत्तर चौकटी कंसात छापा आणि काय दिसतं ते इथे टाका. दर दुसरं नाव गायब आहे, म्हणजे ते कुणीतरी खातंय.

धागाकर्ता:
छापलं. पहिल्या फेरीत [फोटो-०२], दुसरीत [फोटो-०४]. अहो, पण ही तर यादीतली नावं!

प्रतिसाद १:
तेच. डनपुढचा बाण एकट्या बाहेरच्या रीडला नाही, अख्ख्या लूपला लागू होतो. आतलं रीडही त्याच यादीतून पुढची ओळ उचलतं आणि तिलाच तुमचं उत्तर समजतं. आणि -पी चा प्रश्न इनपुट टर्मिनलवरून येत असेल तरच छापला जातो, म्हणून तो दिसला नाही. आतल्या रीडच्या शेवटी < /डेव्ह/टीटीवाय लावा, ते थेट कीबोर्डकडे वळेल.

बाकी, अट 'नाही आलं तर सोड, एरवी उडव' अशी उलटी लिहिली असतीत तर आज २० फोटो गेले असते.

प्रतिसाद २:
मी यादीच वेगळ्या, ३ नंबरच्या इनपुटवर काढतो. डन ३< यादी असं लिहा, ३ आणि बाण यांच्यात जागा न सोडता, आणि बाहेरच्या रीडला -यू ३ द्या. मग नेहमीचं, ० नंबरचं इनपुट कीबोर्डसाठी मोकळं राहतं. चाचणी घेताना उत्तरं पाइपमधून (दुसऱ्या आज्ञेकडून) ढकलता येतात, टीटीवायच्या उपायात ते जमत नाही. पुढेमागे लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवणारं) घातलंत तर तेही यादी अशीच गिळतं. तिथेही हेच कामी येतं, नाहीतर त्याला -एन द्या, म्हणजे ते यादी वाचणारच नाही.

धागाकर्ता:
३ नंबरवर चाललं! आता हीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवली तर?

प्रतिसाद २:
क्रॉनमध्ये समोर टर्मिनलच नसतं, विचारणार कुणाला? सुरुवातीलाच टेस्ट -टी ० ने तपासा. टर्मिनल नसेल तर कशालाही हात न लावता बाहेर पडा. रीडचा -टी वेगळा बरं का, तो किती सेकंद वाट पाहायची ते सांगतो.

धागाकर्ता:
क्रॉनचा नाद सोडला. चाळीसही प्रश्न आले. पस्तिसाव्यापासून कंटाळून नुसतं 'ह' टाइप करत होतो, ते सगळे फोटो शिल्लक राहिलेत. ते माझं मी बघतो.