प्रति: गोल्फ कोर्सचा डिझायनर कधी बोलवायचा?

घरांच्या प्रकल्पात गोल्फ कोर्स करायचा असेल तर ‘आधी घरांचे प्लॉट पाडा, डिझायनर नंतर बघू’ हा इथे कुणी दिलेला सल्ला महागात पडेल. १८ होलच्या कोर्सला (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एकेक खेळपट्टा) साधारण १५० एकर लागतात. प्लॉट आधी पाडले की उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत होल कोंबावे लागतात आणि चेंडू लोकांच्या गॅलऱ्यांत जातात. डिझायनरला पहिल्याच पत्रासोबत कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउतारांचा नकाशा), सातबारा आणि मे महिन्यात रोज किती पाणी मिळेल तो आकडा द्या. डिझायनर परदेशी असेल तर मुंबईचा पाऊस बजावून सांगाच: २,००० मिमीहून जास्त, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. ग्रीनखाली (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली) ३० सेंमी वाळूचा थर, त्याखाली १० सेंमी खडी आणि छिद्रांचे पाइप हवेतच. इथे काटकसर केली की पाणी साचून मुळं कुजतात. आणि करारात साइटभेटींची संख्या लिहून घ्या, विशेषतः ग्रीनला आकार देतानाच्या.